शेजारच्या आवाजाचा त्रास: फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवाजावर होणारा बराचसा खर्च वाया जातो, कारण आवाज कुठल्या वाटेने येतोय हे न बघताच सामान विकत आणलं जातं. ज्या भिंतीतून आवाज येतोय असं वाटतं ती भिंत अनेकदा निर्दोष असते. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत आधी वाट शोधण्याबद्दल आणि मग इलाजाबद्दल लिहिलंय.

भिंतीला फोम लावला की शेजारचा आवाज बंद होईल ना?

नाही. सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सर्वात जास्त पैसेही इथेच बुडतात. फोम हलका आणि सच्छिद्र असतो. तुमच्या खोलीतला आवाज भिंतींवर आपटून घुमतो, तो घुमणं कमी करायला फोम चांगला. रेकॉर्डिंग स्टुडिओत तो लावतात तो यासाठीच. पलीकडून येणारा आवाज अडवायला लागतं वजन, आणि फोमला वजनच नाही. अंड्यांच्या ट्रेची गोष्टही तीच, किंबहुना ते फोमपेक्षाही निरुपयोगी. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. झोपायच्या खोलीत भिंतभर लावायची ही वस्तू नव्हे.

मग भिंतीपलीकडून आवाज येतो तरी कसा?

तीन वाटांनी. पहिली हवेची: बोलणं, टीव्ही, भांडण, कुत्र्याचं भुंकणं. आवाज हवेतून भिंतीवर येतो, भिंत अगदी सूक्ष्म थरथरते आणि तुमच्या बाजूची हवा हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी थरथरते. भिंतीत फट असेल तर एवढीही मेहनत लागत नाही, आवाज सरळ आत येतो.

दुसरी वाट धक्क्याची: टाचा, ओढलेली खुर्ची, आपटलेलं दार, ड्रिल. इथे ऊर्जा थेट बांधकामातच शिरते. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, काँक्रीटमध्ये 3000 मीटरच्या वर. आणि काँक्रीट त्याला फारसं जिरवत नाही. त्यामुळे दोन मजले सोडून चाललेलं ड्रिल अगदी शेजारच्या खोलीत चालल्यासारखं वाटतं.

तिसरी आडवाट. सामायिक भिंत उत्तम आहे, पण आवाज तिला वळसा घालून स्लॅबमधून, बाहेरच्या भिंतीतून, डक्टमधून, दोन्ही घरांच्या दारांखालून जिन्याच्या मोकळ्या जागेतून येतो. एक भिंत महागडी करूनही फरक पडत नाही, तेव्हा बहुधा हीच वाट मोकळी राहिलेली असते.

आवाज नेमका कुठून येतोय, हे घरच्या घरी ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. रात्री पंखा, फ्रिज, एसी बंद करा आणि आवाज चालू असताना खोलीत फिरा. भिंत, खांब, छताचा कोपरा, खिडकीची चौकट, दाराखालची फट अशा प्रत्येक ठिकाणी कान नेऊन बघा. साधा स्टेथोस्कोप मिळाला तर फारच छान, तो भिंतीवर टेकवून दहा-दहा सेंटीमीटर सरकवत गेलात की पाइप कुठून गेलाय हेसुद्धा कळतं. तळहात टेकवून थरथर जाणवली तर आवाज बांधकामातून येतोय. थरथर नाही पण बोलण्यातले शब्द स्पष्ट कळतायत, तर फट शोधा. भिंतीतून गाळून आलेलं बोलणं दबकं, अस्पष्ट असतं. शब्द कळायला लागणारे उच्च स्वर फटीतूनच सुखरूप येतात.

एक धोक्याची सूचना. धक्क्याच्या आवाजाची दिशा कानाला फसवते. वरून येतोय असं वाटणारा आवाज तिरक्या बाजूच्या घरातून, अगदी खालच्या मजल्यावरूनही आलेला असू शकतो. वरच्यांचं दार वाजवण्याआधी एवढं तपासा. ते गावाला गेलेले असताना आवाज चालूच राहिला, असं घडलेलं आहे.

सगळ्यात आधी, कमी खर्चात काय करावं?

फटी बुजवा. हे काम कुणालाच महत्त्वाचं वाटत नाही, म्हणून थोडं हिशेबात सांगतो. दहा चौरस मीटरची चांगली भिंत आहे, ती 50 डेसिबल आवाज अडवते. तिच्या वरच्या कडेला, स्लॅबला जिथे मिळते तिथे, चार मीटर लांब आणि जेमतेम तीन मिलिमीटर रुंद आरपार फट राहिली. क्षेत्रफळाच्या मानाने ही फट सव्वा हजारांशाच्या आसपास. पण तेवढ्याने अख्ख्या भिंतीची कामगिरी 30 डेसिबलच्याही खाली येते. आता या भिंतीवर कितीही थर चढवा, फट आहे तोवर आकडा हलणार नाही.

दाराचंही तसंच. दाराखाली एक सेंटीमीटर मोकळं असेल, तर दार सागवानी असो की पोकळ फ्लश, साधारण 23 डेसिबलच्या पुढे ते जाऊच शकत नाही. म्हणून दाराखाली ब्रश किंवा रबरी पट्टी, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी सील, आणि मग दार बदलायचा विचार. जिन्यातला दिवा चालू ठेवून घरात अंधार करा. दाराभोवती जिथे उजेड दिसेल तिथून आवाज येतोच.

भिंतीच्या फटींसाठी लवचिक राहणारा सीलंट वापरा. पुट्टी किंवा पीओपी भरलं तर वर्ष-दोन वर्षांत तडा जातो आणि फट परत उघडते. फट रुंद असेल तर आधी फोमची गोल दोरी आत दाबून वरून सीलंट भरा.

आणि विजेचे बोर्ड विसरू नका. सामायिक भिंतीत तुमचा स्विचबोर्ड आणि शेजाऱ्यांचा बोर्ड पाठीला पाठ लावून असतील, तर त्या जागी भिंत जवळजवळ नाहीच, मध्ये आहेत फक्त दोन पातळ डबे. बोर्डाशी कान नेलात आणि पलीकडचं बोलणं ठळक ऐकू आलं, तर गुन्हेगार सापडला. डब्याच्या मागून लावायची आग-प्रतिबंधक पुट्टीची पॅड मिळतात. हे काम मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं. डब्यात फोमचा फवारा मारायचा नाही.

डेसिबलचे आकडे वाचायचे कसे?

10 डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. 3 डेसिबलचा फरक लक्ष दिलं तर जाणवतो, 1 डेसिबलचा जवळजवळ नाहीच. त्यामुळे ‘दोन डेसिबलने सुधारणा’ म्हणून कुणी काही विकत असेल तर सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार झोपायच्या खोलीत सरासरी 30 डेसिबल आणि एकेकटा आवाज 45 डेसिबलच्या आत असावा. 30 म्हणजे खरोखर शांत, हलक्या कुजबुजीच्या आसपास.

अख्खी भिंतच साउंडप्रूफ करायची असेल तर?

आधी हे समजून घ्या की जड भिंतीवर हलकं काही चिकटवून काहीही साधत नाही. नऊ इंची विटांच्या भिंतीचं वजन चौरस मीटरला चारशे किलोच्या पुढे असतं. तिच्यावर चौरस मीटरला पाच किलो वजनाचा व्हिनाइलचा पत्रा चिकटवला तर वजनात वाढ झाली एक टक्क्याच्या आसपास. वजन दुप्पट केल्यावर पाच-सहा डेसिबल मिळतात, तर एक टक्क्यात काय मिळणार? याहून वाईट म्हणजे, पातळ फोमचा थर आणि वर बोर्ड असं थेट भिंतीवर चिकटवलं तर फोम स्प्रिंगसारखा वागतो आणि काही स्वर आधीपेक्षा *जास्त* ऐकू येतात. अशा कामानंतर ‘माझा भास आहे का?’ असं विचारणारे भेटतात. भास नसतो.

खरं काम करते ती स्वतंत्र भिंत. जुन्या भिंतीपासून एक-दोन सेंटीमीटर सोडून धातूची चौकट उभी करायची. ती फक्त जमिनीला आणि छताला धरलेली, तीही रबराच्या पट्टीवर. जुन्या भिंतीला एकही स्क्रू नाही. चौकटीत रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) भरायचा, पण ठासून नव्हे. मग साडेबारा मिलिमीटरचे दोन जिप्सम बोर्ड एकावर एक, दुसऱ्याचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. चारही कडांना दोन-चार मिलिमीटर जागा सोडून ती सीलंटने भरायची. जागा आठ-दहा सेंटीमीटर जाते आणि छोट्या खोलीत ती डोळ्यांत भरते.

या कामाचा जीव ‘न टेकण्यात’ आहे. घाईत एका ठिकाणी चौकट जुन्या भिंतीला स्क्रूने आवळली, किंवा कोपऱ्यात सिमेंटचा गोळा मध्ये अडकला, तर थरथर तिथून पलीकडे जाते आणि निम्मी मेहनत पाण्यात. बोर्ड बसण्याआधी स्वतः टॉर्च घेऊन चौकटीमागे बघा. नव्या भिंतीत नवे स्विचबोर्ड खोदू नका. टीव्हीचं स्टँड त्या भिंतीवर ठोकायचं असेल तर आधी सांगा, म्हणजे चौकटीतच तशी सोय होईल.

एवढं करूनही आडवाट मोकळी असेल तर अपेक्षेपेक्षा कमी मिळेल. म्हणूनच आधी वाट शोधायची.

पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदे?

पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट सामायिक भिंतीला लावलं तर थोडा फायदा होतो, विशेषतः भिंत पातळ असेल तर. पडदे खोलीतलं घुमणं कमी करतात, आवाज अडवत नाहीत.

वरच्या मजल्यावरची पावलं, खुर्च्या, मुलांची पळापळ, यावर खालून काही करता येतं का?

खालून करता येतं ते थोडं, महाग आणि बेभरवशाचं. वरून करता येतं ते सोपं आणि स्वस्त. धक्क्याच्या आवाजाचं हे वैशिष्ट्यच आहे: ऊर्जा स्लॅबमध्ये शिरण्याआधी अडवली तर काम झालं. एकदा शिरली की ती भिंतींमधून, खांबांमधून सगळीकडे पसरते आणि तुमचं छत हा तिच्या अनेक दारांपैकी एक एवढाच उरतो.

म्हणजे वरच्या घरात खुर्च्या-टेबलांच्या पायांना जाड नमद्याची किंवा रबराची टोपणं, जिथे येणं-जाणं जास्त तिथे खाली रबरी अस्तर घातलेला गालिचा, मुलांच्या खेळण्याच्या जागी जाड मॅट, घरात मऊ तळव्यांच्या सपाता. काँक्रीटच्या स्लॅबवर टाइल्स असतील तर टकटक, खरखर, वस्तू पडणं हे आवाज यामुळे फारच कमी होतात. नमद्याच्या चकत्या झिजतात आणि त्यांत वाळूचे कण अडकून त्या फरशीवर ओरखडे काढतात, त्यामुळे अधूनमधून बदलाव्या लागतात. टाचेचा दणका मात्र गालिच्याने पूर्ण जात नाही, कारण तो खालच्या स्वरांचा असतो.

वरचं घर नव्याने फरशी घालत असेल तर ती संधी दवडू नका. फरशीखाली लवचिक थर आणि भिंतीच्या कडेने तशीच पट्टी घातली की ‘तरंगती’ फरशी तयार होते आणि धक्का स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. मात्र पाच सेंटीमीटर जाडीचा नवा थर चौरस मीटरला सुमारे 110 किलो भार टाकतो, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

खालच्या घरात फॉल्स सीलिंग करायचंच असेल तर ते रबर किंवा स्प्रिंगच्या हँगरवर लटकलेलं, वर रॉकवूल, खाली दोन थर बोर्ड असं हवं. साध्या सळ्यांवर टांगलेलं नेहमीचं सजावटीचं सीलिंग यासाठी नाही, आणि त्यात दिव्यांसाठी डझनभर भोकं पाडली तर उरलीसुरली आशाही संपली.

रात्री वरून गोट्या पडल्यासारखा आवाज येतो, वर तर कुणी राहत नाही. हे काय आहे?

बऱ्याचदा पाइप. नळ किंवा फ्लशचा व्हॉल्व्ह झटकन बंद झाला की वाहतं पाणी एकदम थांबतं आणि दाबाची लाट पाइपभर मागेपुढे आपटते. याला प्लंबर वॉटर हॅमर म्हणतात. क्लॅम्प सैल असेल तर पाइप भिंतीवर वाजतो. गरम पाण्याचा पाइप तापताना-निवताना लांबी बदलतो आणि सरकताना टिकटिक करतो. आवाजाच्या वेळा आणि पाणी वापरण्याच्या वेळा जुळतात का ते बघा. इलाज: रबराचं अस्तर असलेले क्लॅम्प, पाइप भिंतीतून जातो तिथे मऊ वेष्टण, लाट शोषणारा अरेस्टर, आणि दाब फार असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह.

शेजारी गाणी लावतात, शब्द ऐकू येत नाहीत पण ‘धम-धम’ छातीत जाणवते. काय करू?

हा सगळ्यात चिवट आवाज. 50 हर्ट्झच्या स्वराची लाट हवेत जवळपास सात मीटर लांब असते. काही सेंटीमीटरच्या कुठल्याही अस्तराला ती दाद देत नाही. जड भिंतीसुद्धा बोलण्यापेक्षा अशा खालच्या स्वरांना, म्हणजे बासला, कमी अडवतात.

तुमच्या बाजूने एक फुकटचा उपाय आहे: पलंग हलवा. बंद खोलीत बास भिंतींपाशी आणि कोपऱ्यांत साचतो, मधल्या भागात काही स्वर बरेच क्षीण होतात. डोकं कोपऱ्यातून काढून मीटरभर आत आणलं तरी फरक जाणवू शकतो. बाकी सगळं पलीकडच्या घरात. सबवूफर जमिनीवरून उचलून मऊ पॅडवर ठेवणं, सामायिक भिंतीपासून आणि कोपऱ्यातून दूर नेणं, बासचा कान पिळणं. टीव्ही आणि साउंडबारमध्ये बहुधा ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि संवाद वर आणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याची मजाही फारशी जात नाही. असा मोड आपल्या रिमोटवर आहे, हे कित्येकांना माहीतच नसतं.

वॉशिंग मशीन फिरायला लागलं की भिंत हादरते.

मशीन नवं असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का ते बघा. ड्रम हलू नये म्हणून कारखान्यात लावलेले असतात. ते तसेच राहिले तर मशीन अक्षरशः नाचतं. मग चारही पाय स्पिरिट लेव्हल लावून समान करा, नट घट्ट करा, मशीन भिंतीला टेकू देऊ नका. खाली दाट रबराची मॅट, पण फार मऊ नको, नाहीतर मशीन सरकत जातं. मिनिटाला 1200 फेऱ्यांऐवजी 800 वर पिळलं तर कपडे थोडे ओलसर निघतील, दणका बराच कमी होईल. एकटी जड चादर टाकली की वजन एका बाजूला जातं. तिच्याबरोबर आणखी कपडे टाका.

पाण्याचा पंप किंवा लिफ्टची मोटर असेल तर तो प्रश्न एका शेजाऱ्याचा नाही, इमारतीच्या व्यवस्थापनाकडे न्यायचा. मोटरखाली कंपनरोधक पाय आणि पाइपला लवचिक जोड, या दोन गोष्टींची मागणी करा.

शेजाऱ्यांशी बोलायचं कसं? भांडण नकोय.

आवाज चालू असताना, रागात, दारात उभं राहून बोलू नका. दुसऱ्या दिवशी निवांत वेळ बघा. ‘तुम्ही फार आवाज करता’ या वाक्याचं उत्तर ‘आम्ही? छे!’ एवढंच येतं. त्याऐवजी नेमकं सांगा: “काकू, रात्री अकरानंतर तुमच्या हॉलमधल्या टीव्हीचा आवाज आमच्या बेडरूममध्ये येतो. तुम्हाला कल्पना नसेल, दोन मिनिटं आमच्याकडे येऊन ऐकाल का?” ऐकायला बोलावणं हा यातला हुकमाचा एक्का. स्वतःच्या घराचा आवाज दुसऱ्याच्या घरातून ऐकला की वाद निम्म्यावर येतो. त्यांच्या घरात कुणी टीव्ही चालू ठेवला आणि तुम्ही फोनवरून ‘आता कमी, अजून थोडा कमी’ असं सांगत गेलात, तर कुठल्या आकड्यापर्यंत आवाज ठेवला की चालतो हे दोघांनाही पक्कं कळतं. मग बोलणं मानापमानाचं न राहता रिमोटवरच्या एका आकड्याचं उरतं.

मागणी छोटी ठेवा. “खुर्च्यांना टोपणं मी आणून देते, चालेल का?” याला नाही म्हणणं अवघड असतं. आणि काही आवाजांची तक्रार करूच नये. तान्हं बाळ रात्री रडतं, आजारी माणूस खोकतं. तिथे सोय आपणच आपली करायची.

बोलून उपयोग झाला नाही तर नोंदी ठेवा: तारीख, वेळ, किती वेळ, कसला आवाज, त्यामुळे काय झालं. अशी वही घेऊन व्यवस्थापनाकडे किंवा पुढे गेलात तर ‘नेहमीच होतं’ या मोघम तक्रारीपेक्षा तिला वजन येतं.

छत काठीने बडवलं तर?

नको. वरच्यांना तो आवाज कशाबद्दल आहे हे कळत नाही, खालच्यांना आणि बाजूच्यांना मात्र नवा त्रास.

भाड्याच्या घरात काय करता येईल?

काढून नेता येईल ते सगळं: दाराच्या पट्ट्या, खिडकीचे रबर, पलंगाची जागा बदलणं, शक्य असेल तर झोपायची खोलीच बदलणं. बाहेरचा आवाज खिडकीतून येत असेल तर चौकटीच्या आत दुसरी काचेची खिडकी बसवता येते. दोन काचांमध्ये दहा सेंटीमीटर किंवा जास्त अंतर ठेवलं तर ती उत्तम काम करते. मात्र उघडी खिडकी ती उघडी खिडकी, हवा हवी असेल तर आवाजही येणार.

इयरप्लग आणि व्हाइट नॉइजचा उपयोग होतो का?

होतो. फोमचे इयरप्लग नुसते कानात टेकवून काही होत नाही. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून ते फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचे. पाकिटावरचा तीस-पस्तीस डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, घरी त्याहून कमी मिळतात. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन सतत चालणाऱ्या घरघरीवर प्रभावी, बोलण्यावर तितके नाहीत.

व्हाइट नॉइज म्हणजे पंखा किंवा पावसासारखा एकसुरी आवाज. तो शेजारचं बोलणं झाकतो आणि झोपेला मदत करतो, कारण झोप मोडते ती अचानक बदलणाऱ्या आवाजाने. तो फक्त बोलणं अस्पष्ट होईल एवढाच ठेवा, स्पर्धा लावू नका. बासवर याचा फार उपयोग नाही. आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर कान बंद करून झोपण्याआधी हाक ऐकू येईल अशी सोय बघा.

मोबाइल ॲपवरचं मोजमाप विश्वासार्ह असतं का?

तुलनेपुरतं. एकाच फोनने, एकाच जागी ठेवून, काम करण्याआधी आणि नंतर मोजलं तर फरक कळतो. पुरावा म्हणून ते कुणी धरेलच असं नाही. ॲपमध्ये ए आणि सी अशा दोन मापनपद्धती असतील तर दोन्ही बघा. ए पद्धत खालचे स्वर फार कमी धरते, सी ते बरेचसे मोजते. सीचा आकडा एपेक्षा पंधरा-वीस डेसिबलने जास्त आला तर तुमचा त्रास मुख्यतः बासचा आहे, आणि बोर्डाची साधी भिंत घालून तो जाणार नाही.

कंत्राटदाराला काय विचारावं?

‘साउंडप्रूफ करून देतो’ या शब्दावर थांबू नका. चौकट जुन्या भिंतीला कुठे टेकणार आहे, कडांना काय भरणार, बोर्डाचे किती थर आणि सांधे कसे, विजेच्या बोर्डांचं काय करणार, स्लॅबवर भार किती वाढेल, वापरलेलं सामान आगीत कसं वागतं, हे विचारा आणि लिहून घ्या. पहिल्याच प्रश्नाला ‘भिंतीलाच स्क्रू मारून पक्की करू’ असं उत्तर आलं, तर दुसरा माणूस शोधा.